घरात आपल्याच भाषेत बोला, ती इंग्रजीच्या आड येत नाही

ज्यांच्या घरात दोन-तीन वर्षांचं मूल आहे आणि ज्यांनी त्याच्याशी ठरवून इंग्रजीत बोलायला सुरुवात केली आहे, त्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहत असाल. गावाहून आलेल्या सासूबाईंनाही तुम्ही सांगितलं असेल, "आई, त्याच्यासमोर पाणी नका म्हणू, वॉटर म्हणा." लिफ्टमध्ये शेजारी भेटले की "से हाय टू अंकल" होतं. बागेत "डोन्ट रन, पडशील" होतं. हे सगळं मुलाच्या भल्यासाठीच चाललं आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या भल्यासाठी चाललं आहे ते यातून साधत नाही. मुलाचं इंग्रजी चांगलं व्हावं असं खरंच वाटत असेल, तर त्याच्याशी तुमच्या स्वतःच्या भाषेत बोला, आणि भरपूर बोला. मराठीचा अभिमान असेल तर आनंदच आहे, पण मी अभिमानापोटी सांगत नाही. मूल पहिली भाषा कशी मिळवतं आणि दुसरी कशी शिकतं, हे पाहिलं की दुसरा सल्ला देताच येत नाही.

भाषा शिकायला मूल शाळेची वाट पाहत नाही. पोटात असताना, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, त्याला आईचा आवाज ऐकू येत असतो. १९८० साली डीकॅस्पर आणि फिफर या संशोधकांनी दाखवून दिलं की जेमतेम तीन दिवसांची बाळंसुद्धा परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणी चोखण्याची लय बदलतात. पुढे १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी जो प्रयोग केला तो तर आपल्या फारच जवळचा आहे, कारण त्यात 'त' आणि 'ट' होते. इंग्रजीला हा भेद नाही. तरीही इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत त्यांतल्या बहुतेकांना तो ऐकू येईनासा झाला. हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांचा कान मात्र तसाच राहिला. म्हणजे पहिला वाढदिवस येईपर्यंत आपल्या आजूबाजूला कुठले आवाज कामाचे आहेत, हे बाळाने ठरवूनही टाकलेलं असतं.

आपल्याच घरात बघा. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च वेगळे आहेत, हे कुणी मुलाला शिकवलं? लिहिताना अक्षर एकच, शाळेतही सहसा कुणी सांगत नाही. तरी तीन वर्षांचं मराठी मूल दोन्ही बरोबर उच्चारतं, आणि मुंबईत वीस वर्षं काढलेल्या एखाद्या हुशार अमराठी गृहस्थांना तो फरक ऐकूही येत नाही. तीच गोष्ट व्याकरणाची. लहान मूल 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणतं, तेव्हा आपण हसतो. पण 'करलं' त्याने कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नसतं. 'बसलं', 'उठलं', 'मारलं' ऐकून त्याने मनाशी नियम बांधला आणि तो 'कर'ला लावला. ही चूक म्हणजे त्याचं डोकं कामाला लागल्याची खूण आहे. तिथे "चूक! केलं म्हण" असं दरडावू नका. "हो का, तू केलंस? कधी केलंस?" एवढंच म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. काही महिन्यांत 'करलं' आपसूक जातं.

हे सगळं होतं कशाच्या जोरावर? वेळेच्या आणि माणसांच्या. मूल दिवसात दहा तास जागं आहे असं धरलं, तरी वर्षाचे साडेतीन हजारांहून अधिक तास होतात. पाच वर्षांत अठरा हजार. त्यातले सगळे तास कुणी त्याच्याशी बोलत नसतं हे खरं, पण भाषा भोवती असतेच. आता शाळेतला इंग्रजीचा तास घ्या. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान दोनशे दिवस शाळा. रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाकाठी सव्वाशे तासही भरत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत ते जास्त भरतात, पण तिथेही एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं आणि बोलणाऱ्या एकट्या बाई. पहिली भाषा मुलाला जशी मिळते तशी दुसरी वर्गात मिळत नाही. ती वेगळ्या वाटेने येते, आणि ती वाट पहिल्या भाषेतूनच जाते.

दोन्हींत साम्य बरंच आहे, ते आधी सांगते. दुसरी भाषा शिकणारं मूलही सुरुवातीला गप्प राहून ऐकतं, कधी आठवडे, कधी महिने. तेव्हा "बोल की, बोल की" म्हणून त्याच्या मागे लागू नये. तेही स्वतःचे नियम बांधतं आणि चुकतं. शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, तो भाषा कशी उभी करतो आहे याचा तो पुरावा आहे, असं पिट कॉर्डर या अभ्यासकाने १९६७ साली मांडलं, आणि भाषाशिक्षणाचा विचारच त्यानंतर बदलला. आपल्याकडचं मूल इंग्रजीत 'ए' आणि 'द' गाळतं, कारण मराठीत तसं काही नाहीच. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांचा उच्चार एक करतं, कारण आपल्याकडे एकच 'व' आहे. ही पहिल्या भाषेची सावली असते, आणि वाचन-ऐकणं वाढलं की ती बरीचशी सरते. 'मराठीमुळे इंग्रजी बिघडतं' असं जे लोक म्हणतात, त्यांच्या डोळ्यांपुढे या चार चुकाच असतात. मराठीमुळे काय मिळतं, ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून हिशेबात धरलं जात नाही.

मिळतं ते असं. गोष्टीला सुरुवात, मधला पेच आणि शेवट असतो, हे मुलाला एकदाच शिकावं लागतं. 'कारण', 'म्हणून', 'जर-तर', 'तरीसुद्धा' या शब्दांमागचा विचार एकदाच शिकावा लागतो. कागदावरच्या खुणा म्हणजे आवाज आहेत आणि त्या जोडल्या की अर्थ निघतो, हा शोध आयुष्यात एकदाच लागतो. हे एका भाषेत जमलं की दुसऱ्या भाषेत फक्त नवे शब्द आणि नवी ठेवण शिकायची उरते. ज्याला सायकल येते त्याला स्कूटर शिकायला वेळ लागत नाही, कारण तोल सांभाळणं आधीच अंगात भिनलेलं असतं. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच मांडलं. त्यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी. नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत इतिहास, विज्ञान, शाब्दिक गणितं समजून घेण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. "माझा मुलगा तिसरीत आहे, फाडफाड इंग्रजी बोलतो, पण धडा वाचून त्यात काय आहे ते सांगता येत नाही," ही तक्रार आपल्या ओळखीच्या प्रत्येक इमारतीत ऐकू येते. तिचं कारण इथे आहे. बोलणं आलं, विचार करायची भाषा अजून आली नाही, आणि घरची भाषा पाच वर्षं बाजूला ठेवल्यामुळे विचाराला तीही उपलब्ध नाही.

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. जिचं स्वतःचं शिक्षण मराठीत झालं, ती आई घरात ठरवून इंग्रजी बोलते तेव्हा काय बोलते? कम हिअर. ईट फास्ट. डोन्ट टच. वॉश युअर हँड्स. हुकूम आणि नावं, एवढंच. त्यापलीकडचं इंग्रजी तिच्याजवळ नसतं असं नाही, ऑफिसात ती इंग्रजीत उत्तम काम करत असेल. पण मुलाशी लाडाने, रागाने, गमतीने, पाल्हाळ लावून बोलायचं इंग्रजी तिला कधी लागलेलंच नाही. आता तीच आई मराठीत आली की बघा. पावसाळ्यात कुर्ला आणि घाटकोपरच्या मध्ये गाडी थांबली. मूल विचारतं, "का थांबली?" "रुळांवर पाणी आलंय." "पाणी कुठून आलं?" "पाऊस खूप पडला, त्यात समुद्राला भरती. भरतीच्या वेळी नाल्यातलं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते मागे तुंबतं." "मग बाबा कसे येणार?" "ओहोटी लागली की पाणी उतरेल, मग गाड्या सुरू होतील. तोवर बाबा ऑफिसात चहा पीत बसतील." या चार वाक्यांत भूगोल आहे, कार्यकारणभाव आहे, अंदाज बांधणं आहे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं आहे. हेच इंग्रजीत करायचं ठरवलं असतं तर "ट्रेन स्टॉप्ड, वॉटर केम" यावर संभाषण संपलं असतं, आणि मुलाने पुढचा प्रश्न विचारला नसता. शाळेत जे इंग्रजी लागतं त्याचा पाया या पुढच्या प्रश्नांत असतो.

ज्या घरात आईवडील खरोखर इंग्रजीत वाढले आहेत, इंग्रजीत भांडतात आणि इंग्रजीत समेट करतात, त्यांनी इंग्रजीत बोलावं, माझं काही म्हणणं नाही. तीच त्यांची पहिली भाषा आहे. मी बोलते आहे ते उसन्या इंग्रजीबद्दल.

"पण लहान वयातच लागलं पाहिजे ना इंग्रजी, नंतर येत नाही म्हणतात." ही भीती घरोघरी आहे आणि ती निम्मीच खरी आहे. उच्चारांच्या बाबतीत लहान वयाचा फायदा आहे, वर 'त' आणि 'ट'चं सांगितलंच. पण व्याकरण आत्मसात करण्याची ताकद इतक्या लवकर ओसरत नाही. २०१८ साली हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती ताकद सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते असा त्यांचा निष्कर्ष होता. नवी भाषा मातृभाषिकासारखी यायला मात्र दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात व्हावी, असंही त्यांनी म्हटलं. दहा-बारा वर्षं! आपण तर दुसरा वाढदिवस झाला की घाबरतो. स्पेनमधल्या बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांच्या गटाने आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. ही मुलं घरी-दारी कॅटलान आणि स्पॅनिश बोलणारी, म्हणजे आपल्यासारखीच आधी दोन भाषांची. इंग्रजीचे तास दोघांनाही सारखेच मिळाले, आणि उशिरा सुरुवात केलेली मुलं पुढे निघाली. वर्गात शिकायचं तर वाचता येणं, नियम समजणं, लक्ष एकवटणं लागतं, आणि हे मोठ्या मुलाजवळ जास्त असतं. आपल्या इतिहासातही दाखला आहे. बाळशास्त्री जांभेकर कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. मराठी आणि संस्कृतचा अभ्यास आधी घरी झाला, इंग्रजी शिकले ते मुंबईत आल्यावर, किशोरवयात. त्यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं, त्याच्या पानांवर मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई.

त्याच मुंबईत १८४० च्या दशकात शिक्षण कोणत्या भाषेतून द्यावं यावर शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, आणि नाना शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. सरकारदरबारी त्यांचा सगळा व्यवहार इंग्रजीत होता. सामान्य माणसाच्या मुलाला ज्ञान मिळायचं तर ते त्याच्या भाषेतून मिळालं पाहिजे, हे त्यांना कळत होतं.

मोबाइलचंही सांगितलं पाहिजे. "आम्ही घरी नाही बोलत इंग्रजी, पण त्याला यूट्यूबवर राइम्स लावून देतो." पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बोलली; काहींना त्याच माणसांचं चित्रीकरण पडद्यावर दाखवलं. माणसांबरोबर खेळलेली बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. पडद्यासमोरची काहीच शिकली नाहीत. त्या वयात भाषा माणसाकडून येते. पडद्यावरून शब्द येतील, 'ट्विंकल ट्विंकल' पाठ होईल, पण आपल्याला उत्तर न देणाऱ्या गोष्टीशी मूल संवाद शिकत नाही.

कुणी म्हणेल, परदेशात मुलांना थेट परक्या भाषेच्या शाळेत घालतात आणि ती छान शिकतात, त्याचं काय? खरं आहे. कॅनडातल्या माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना पहिल्यापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली, आणि तो प्रयोग यशस्वी झाला. पण त्याच्या अटी पाहा. मुलांच्या घरी भक्कम इंग्रजी होतं आणि आईबापांनी ते बंद केलं नाही. शिक्षक फ्रेंचमध्ये मुरलेले होते आणि मुलांचं इंग्रजी त्यांना समजत होतं. पुढच्या इयत्तांत शाळेने मुलांना त्यांचं इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवलं. आणि त्यांच्या घरच्या भाषेला समाजात कुणी कमी लेखत नव्हतं. आपल्या उपनगरांतल्या किती शाळांत या सगळ्या अटी पुऱ्या होतात, हे पालकांनी स्वतः बघावं. शाळा निवडताना पाटीवरचं माध्यम वाचण्यापेक्षा पहिलीच्या बाई कशा बोलतात आणि मूल त्याच्या भाषेत उत्तर द्यायला लागलं तर काय करतात, हे विचारा.

आपल्या उपनगरांत या विषयाचा एक जिवंत दाखला आहे आणि आपण त्याच्याकडे फारसं पाहत नाही. वांद्रे, मरोळ, कुर्ला, बोरिवली, गोराई, मनोरी, या गावठाणांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक. हे इथले मूळचे रहिवासी, आणि त्यांची घरची बोली मराठीची. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. पुढे इंग्रजी शाळा आल्या, इंग्रजीत नोकऱ्या आल्या, आणि पिढीमागून पिढी घरातली बोली मागे पडत गेली. आज लग्नातल्या गाण्यांत, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, गोराई-मनोरीसारख्या गावांत ती ऐकू येते; बऱ्याच तरुणांना ती समजते पण बोलता येत नाही. त्यांचं इंग्रजी उत्तम आहे. मग हरवलं काय? आजी आणि नात यांच्यातलं बोलणं हरवलं. आज त्या समाजातली माणसं बोली पुन्हा मुलांना शिकवायची धडपड करताहेत, गाणी आणि म्हणी गोळा करताहेत. त्यांच्या पूर्वजांनी बोली टाकली ती इंग्रजी यावं म्हणून, आणि तेव्हा घरात जागा एकाच भाषेला आहे असं सगळ्यांना वाटत होतं. आज आपल्याला माहीत आहे की जागा दोन्हींना होती. आपण तरी तीच गोष्ट नव्याने करू नये.

हे सगळं मराठी घरांनाच लागू आहे असं नाही. घाटकोपर-मुलुंडचे गुजराती, कच्छी, जोगेश्वरीचे उर्दू बोलणारे, साकीनाक्याचे भोजपुरी बोलणारे, चेंबूरचे तमिळ, या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे. मुलाशी घरात तुमचीच भाषा बोला. बिहारमधून आलेल्या आईने आपली भोजपुरी 'गावठी' म्हणून दडवून मुलाशी पुस्तकी हिंदी बोलू नये. मुलाचं मराठी त्यामुळे कमी होत नाही, उलट सोपं होतं. गुजराती मुलाचंच पाहा. त्याला 'ळ' येतो, तीन लिंगं येतात, ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला सोडून 'आम्ही' हा भेदही त्याच्या भाषेत आहे. यातलं काहीच प्रमाण हिंदीत नाही. ज्या गुजराती मुलाची गुजराती पक्की असते, त्याचं निम्मं मराठी शिकून झालेलंच असतं. मुंबई महापालिकेने आपल्या शाळा आठ भाषांच्या माध्यमांतून चालवल्या, त्यामागे हे शहाणपण होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही निदान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे.

मग ही मुलं, त्यांचे आईबाप, मराठी शिकणार कुठून? आपल्याकडून. आणि इथे मराठी माणसांना थोडं कळकळीने सांगायचं आहे. भाजीवाला, रिक्षावाले भाऊ, नव्याने राहायला आलेली शेजारीण तुमच्याशी तोडकं मराठी बोलायला लागली की तुम्ही लगेच हिंदीत जाता. चांगुलपणाने जाता, तिला त्रास नको म्हणून. पण तिने धीर करून टाकलेलं पाऊल तुम्ही मागे घ्यायला लावता. दुसरी भाषा ऐकल्यावाचून, चुकल्यावाचून येत नाही. तिला समजेल इतकं सोपं, जरा सावकाश, छोट्या वाक्यांत मराठी बोला. ती 'माझी घर' म्हणाली तर हसू नका. "तुमचं घर कुठल्या मजल्यावर?" असं विचारा, बाळाच्या 'करलं'ला जसं उत्तर द्याल तसंच. ज्यांना नीट शिकायचं आहे त्यांना सांगा, की मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर 'मायमराठी' नावाचा अभ्यासक्रम तयार केला आहे. परक्या माणसाला जर्मन जसं पायरीपायरीने शिकवतात, तसं अमराठी माणसाला मराठी शिकवायचं, ही त्यामागची कल्पना. परकी भाषा शिकवण्याचं शास्त्र आपल्या भाषेसाठी वापरणारं हे काम उपनगरातच झालं, याचा मला फार आनंद आहे.

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. मूल उशिरा बोलायला लागलं की घरात सल्ला येतो, "दोन भाषा झाल्यात, एक बंद करा." आणि बंद होते ती नेहमी घरची. दोन भाषांमुळे बोलणं लांबतं, याला संशोधनात आधार नाही. दोन भाषांच्या मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. पण वर्षाचं झालं तरी बाळ बडबडत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर भाषा बदलत बसू नका, आधी कान तपासून घ्या. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, सरकारी आहे, तिथे जा. ऐकू कमी येत असेल तर गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो.

वाचनाबद्दल थोडक्यात. देवनागरीत जसं लिहिलं तसं बहुतेक वाचता येतं, त्यामुळे वाचनाचा शोध मुलाला आपल्या लिपीत स्वच्छ लागतो. इंग्रजी स्पेलिंगचा गुंता त्यानंतर सोडवणं सोपं जातं. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तरी रात्री झोपताना एक मराठी पुस्तक वाचा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे, जुने अंकही इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघाचं, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे. मुलाला बरोबर घेऊन जा आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या.

आणि ज्यांचा शाळेचा निर्णय अजून व्हायचा आहे त्यांनी हे माहीत करून घ्या. महाराष्ट्रातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात, आणि बऱ्याच शाळांत सेमी-इंग्रजीची सोय आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून. मराठी शाळेत घातलं म्हणजे इंग्रजीचं दार बंद झालं, असं नाही. जवळची मराठी शाळा एकदा आतून बघा, पहिलीच्या वर्गात अर्धा तास बसा, मग ठरवा. इंग्रजी माध्यम ठरवलंत तरी मनात अपराध धरू नका. मात्र मग घरच्या मराठीची जबाबदारी दुप्पट होते, कारण ती उचलायला शाळा येणार नाही.

मुलाखतीच्या भीतीने घरात इंग्रजी बोलणारे आईबाप मी पुष्कळ पाहिले आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं तेरावं कलम पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कसलीही चाचणी, मुलाखत घ्यायला मनाई करतं. तसं केल्यास शाळेला पहिल्या वेळी पंचवीस हजार आणि नंतर प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा अर्जात 'घरी बोलली जाणारी भाषा' अशी ओळ असेल, तर तिथे जी खरी असेल तीच लिहा. मराठी असेल तर मराठी, भोजपुरी असेल तर भोजपुरी. आणि बाईंनी विचारलं, "घरी इंग्रजीत बोलता का?" तर सांगा, "नाही, आम्ही घरी त्याच्याशी आमच्या भाषेत भरपूर बोलतो. इंग्रजी तुम्ही शिकवा."